काम येणे आणि काम शिकवणे : दहा तासांचा एक प्रशिक्षक-अभ्यासक्रम

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून हे शिक्षण घेत आहेत. अशा एखाद्याला एके दिवशी वरिष्ठ सांगतात, ‘उद्यापासून या नव्या मुलाला बरोबर घे आणि काम शिकव.’ ज्याला काम उत्तम येते त्याला ते शिकवताही येते, असे येथे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी आपण एका जुन्या अभ्यासक्रमाचे उदाहरण घेऊ.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 साली, अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही सरकारी सेवा सुरू झाली. लष्करी उत्पादनासाठी कारखान्यांत नवखे कामगार मोठ्या संख्येने येत होते आणि त्यांना शिकवण्यास वेळ नव्हता. भिंगे घासण्याचे काम पक्के शिकायला तेव्हा पाच वर्षे लागतात, असे मानले जाई. त्या कामाची नीट फोड केल्यावर ही मुदत काही महिन्यांवर आणता आली. या अनुभवातून पर्यवेक्षकांसाठी ‘जॉब इन्स्ट्रक्शन’ हा अभ्यासक्रम तयार झाला. दोन-दोन तासांची पाच सत्रे, म्हणजे एकूण दहा तास, आणि एका गटात साधारण दहा जण, असे त्याचे स्वरूप होते. लेखी परीक्षा नव्हती. 1945 मध्ये ही सेवा बंद झाली, तोवर तिच्या निरनिराळ्या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे दहा लाखांहून अधिक लोकांना मिळाली होती.

पहिल्या सत्रातील प्रात्यक्षिक मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. छताला टांगलेल्या दिव्याच्या वायरीला आत एक विशिष्ट गाठ मारतात. दिवा ओढला गेला तरी ताण त्या गाठीवर येतो आणि वायरीची जोडणी सुटत नाही. प्रशिक्षक गटातील एकाला पुढे बोलावून ही गाठ कशी मारायची ते फक्त तोंडी सांगतो. सगळे शब्द बरोबर असूनही त्या माणसाला गाठ जमत नाही. मग दुसऱ्याला तो काही न बोलता गाठ मारून दाखवतो. तीही जमत नाही. तिसऱ्याला मात्र तो एकेक टप्पा दाखवत, सांगत आणि कारण देत शिकवतो. सहा इंच पीळ सोडायचा, उजवा फास मुख्य वायरीच्या पुढून न्यायचा, डावा मागून, आणि टोक फासातून ओवायचे. या वेळी गाठ जमते. शिकणाऱ्याला समोर न बसवता शेजारी बसवतात, कारण समोरून पाहणाऱ्याला डावे-उजवे उलटे दिसते. इतकी साधी गोष्टही कोणीतरी सांगावी लागते!

यानंतर प्रत्येकाने आपल्या विभागातील एक खरे काम निवडून त्याची फोड कागदावर दोन स्तंभांत लिहायची असते. एका स्तंभात महत्त्वाचे टप्पे आणि दुसऱ्यात कळीचे मुद्दे. कळीचा मुद्दा कशाला म्हणावे? ज्यामुळे काम साधते वा बिघडते, ज्याने इजा होऊ शकते, किंवा ज्या युक्तीने काम सोपे होते, तो. या अभ्यासक्रमाचे मर्म या दुसऱ्या स्तंभात आहे, असे मला वाटते.

लेथ मशीनचे उदाहरण घ्या. चक घट्ट केल्यावर चावी लगेच काढून घ्यायची असते. ती चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झाले, तर चावी भिरकावली जाऊन समोरच्याला जबर इजा होते. जुन्या ऑपरेटरचा हात ती आपोआप काढतो. म्हणूनच शिकवताना तो ही गोष्ट सांगायला विसरतो; ती आपण करतो याचेच त्याला भान उरलेले नसते. कौशल्य जितके मुरलेले, तितके ते शब्दांत आणणे अवघड. मग अपघात झाला की ‘पोराचे लक्षच नव्हते’ असे म्हटले जाते.

येथे भाषेच्या विद्यार्थ्याचा संबंध येतो. ‘जरा घट्ट कर’, ‘नीट बसव’, ‘अंदाजाने घे’ ही आपली नेहमीची वाक्ये. जाणत्याला ती पुरेशी असतात. नवख्याला त्यांतून काहीच कळत नाही. ‘जरा’ म्हणजे किती, ‘नीट’ बसल्याची खूण कोणती, हे सांगितले की सूचना पूर्ण होते.

प्रत्यक्ष शिकवण्याच्या चार पायऱ्या खिशात मावेल अशा एका कार्डावर छापलेल्या असत. त्यांचे मूळ पहिल्या महायुद्धाच्या वेळी जहाजबांधणीचे कामगार तयार करणाऱ्या चार्ल्स ॲलन यांच्या पद्धतीत आहे. शिकणाऱ्याची भीड मोडून त्याला काय येते ते विचारणे, टप्प्याटप्प्याने काम दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर मदतीला कोण आहे ते सांगून त्याच्याकडे येत-जात राहणे, अशा त्या पायऱ्या. तिसरी पायरी सर्वांत जास्त चुकवली जाते. ‘समजले ना?’ या प्रश्नाला नवखा माणूस होकारच देतो. म्हणून काम करता करता प्रत्येक कळीचा मुद्दा आणि त्याचे कारण त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे असते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. हाताने करायच्या, ठरावीक क्रमाच्या कामाला ती चपखल बसते. चिडलेल्या ग्राहकाशी बोलणे तिने शिकवता येईल, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

अशी पात्रता सक्तीची असावी का? जर्मनीत शिकाऊ उमेदवारांची जबाबदारी घेणाऱ्या प्रशिक्षकासाठी 1972 मध्ये पात्रतेचा नियम झाला. अधिक कंपन्यांनी उमेदवार घ्यावेत म्हणून 2003 मध्ये तो स्थगित झाला. पण प्रशिक्षणाच्या दर्जाविषयी तक्रारी वाढल्याने 2009 मध्ये पुन्हा लागू करण्यात आला. तेथील परीक्षेत लेखी भागाबरोबर सुमारे पंधरा मिनिटांत शिकवण्याचा एक प्रसंग सादर करावा लागतो आणि आपण तसे का शिकवले, याची उत्तरे द्यावी लागतात. आपल्याकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. कारखान्यात शेजारी उभा राहून शिकवणारा कारागीर मात्र पुष्कळदा कोणत्याही तयारीविना शिकवतो.

कृती : तुम्हाला सहज येणारे, पाच मिनिटांत होणारे एक काम निवडा. त्याचे टप्पे आणि कळीचे मुद्दे दोन स्तंभांत लिहा. ते काम न येणाऱ्या व्यक्तीला कागद न दाखवता शिकवा आणि ती जेथे अडखळेल तेथे तुमच्या कागदावर काय लिहायचे राहिले होते, त्याची नोंद करा.