पोलादपूरचा दगड, समुद्रातली काच

पेशी बघायची तर काय काय लागतं? कांद्याचा पापुद्रा, काचपट्टी, सूक्ष्मदर्शक आणि आपला नंबर येईपर्यंत धीर. पण अरबी समुद्रात नॉक्टिल्युका नावाचा एक जीव राहतो. त्याचं अख्खं शरीर म्हणजे एकच पेशी, आणि तरी तो नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो! मोठ्यात मोठा झाला तर दोन मिलिमीटरपर्यंत. पेल्यातल्या पाण्यात तो साबुदाण्याच्या बारीक कणीसारखा तरंगतो, गोल आणि पारदर्शक.

याला धक्का लागला की तो निळा चमकतो. ती चमक सेकंदाचा दहावा भागसुद्धा टिकत नाही. एकटादुकटा चमकला तर कुणाला पत्ताही लागायचा नाही. पण लाखोंनी जमले आणि त्यांच्यावर लाट फुटली, की काळोखात अख्खी लाट निळी होते. 2020 च्या नोव्हेंबरात जुहूच्या किनाऱ्यावर असंच झालं आणि लोक मोबाइल घेऊन धावले. हा उजेड आपल्या व्हिडिओसाठी नसतो हो! खायला आलेला छोटा प्राणी दचकावा, किंवा त्या उजेडात तोच एखाद्या माशाला दिसावा, असा त्याचा उपयोग असावा असं शास्त्रज्ञांना वाटतं.

आता महाड-पोलादपूरची मंडळी म्हणतील, “आमच्याकडे कुठाय समुद्र? आमचा काय संबंध?”

आहे, आणि तो सावित्री नदीतून जातो. महाबळेश्वरला उगम, मग घाट उतरून पोलादपूर, पुढे महाड, दासगाव, आणि शेवटी बाणकोटच्या खाडीतून थेट अरबी समुद्र. एके काळी भरतीच्या पाण्यावर मालाच्या होड्या महाडपर्यंत येत. समुद्र तुमच्या दारापर्यंत यायचा म्हणा ना.

जुलैमध्ये सावित्रीचं पाणी कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. लाल, गढूळ. त्या गाळासोबत आणखी एक गोष्ट समुद्राकडे निघालेली असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हा थंड होऊन तो तयार झाला. पावसाचं पाणी या दगडाला फार सावकाश झिजवतं आणि त्यातली सिलिका विरघळवून घेऊन जातं. समुद्रात या सिलिकेची वाट बघत असतात डायटम. हेही एकपेशीय, पण नॉक्टिल्युकाहून कितीतरी लहान. पाण्यातली सिलिका उचलून ते स्वतःभोवती काचेची पेटी बांधतात. खरीखुरी काच! सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर भोकांची अशी नक्षी दिसते की आपली रांगोळी लाजावी. म्हणजे पोलादपूरच्या डोंगरातला दगड कधीतरी समुद्रात काच होतो. मला तर ही गोष्ट निळ्या लाटेहून मोठी जादू वाटते.

जादूचं सोडा, डायटम कामाचेही फार. पृथ्वीवर सूर्यप्रकाशातून जेवढं अन्न तयार होतं, त्याचा साधारण पाचवा हिस्सा हे काचवाले बनवतात. तारलीसारखे मासे त्यांच्यावर पोसतात, आणि तारलीवर मोठे मासे.

नॉक्टिल्युकाला काच लागत नाही. तो डायटमच गिळतो, शिवाय दुसऱ्या प्राण्यांची अंडीही. त्याचा एक हिरवा प्रकार तर भारीच: पोटात हजारो हिरव्या शैवालपेशी पाळतो. त्या उन्हात अन्न बनवतात आणि हा आयता खातो. शिकार मिळाली तरी मजा, नाही मिळाली तरी मजा.

मग समुद्रात जिंकतं कोण? पाण्यात काय मिसळलंय, त्यावर बरंच अवलंबून असतं. शेतातलं जादा खत आणि गावांचं सांडपाणी नायट्रोजन आणि फॉस्फरस देतं, सिलिका मात्र फारशी देत नाही. काच संपली की डायटम अडतात आणि काचेविना जगणाऱ्यांचं फावतं. अर्थात सगळा दोष नद्यांच्या माथी मारू नका. अरबी समुद्राला बरंचसं खत त्याच्याच खोल पाण्यातून वर येतं, आणि एवढ्या मोठ्या समुद्रापुढे सावित्री ती केवढी! हेल्गा दो रोझारियो गोम्स, जोकिम गोएस आणि गोव्याचे प्रभू माटोंडकर यांच्या गटानं 2014 साली मांडलं, की उत्तर अरबी समुद्रात कमी ऑक्सिजनचं पाणी वर येऊ लागलंय, आणि तशा पाण्यात हिरवा नॉक्टिल्युका डायटमपेक्षा जोमानं वाढतो. त्याला खाणारेही थोडेच, जेलीफिश वगैरे. नॉक्टिल्युकांच्या अंगात अमोनिया साठतो, म्हणून दाट थर आला की मासे तिथून पळतात. पुढे हे नॉक्टिल्युका एकदम मरून कुजले, की पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजनही संपतो.

गंमत अशी, की चमकून सगळ्यांचं लक्ष वेधणारा नॉक्टिल्युका जीवघेणं विष बनवत नाही. ते काम करणारे त्याचे काही भाऊबंद कधी कधी डोळ्यांना दिसतही नाहीत. 1997 च्या सप्टेंबरात केरळात विळिंजमला शिंपले खाऊन सात जण दगावले. शिंपल्यांनी विषारी शैवाल गाळून खाल्लं होतं. असलं विष शिजवूनही जात नाही. म्हणून पाण्याचा रंग बदललेला असताना तिथले शिंपले आणि कालवं काढत नाहीत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहातून समुद्राचा रंग बघून अशा जागांची माहिती देते.

पाण्यात खत पडल्यावर काय होतं ते घरीही बघता येईल. दोन पारदर्शक बरण्या घ्या आणि मोठ्या माणसाला सोबत नेऊन तळ्याचं पाणी भरून आणा. एका बरणीत शेतात टाकतात त्या दाणेदार खताचे दोन-तीन दाणे टाका, दुसरीत काहीच नको. झाकणं सैल ठेवून दोन्ही खिडकीत उजेडात ठेवा आणि रोज रंग वहीत लिहा. दोन-तीन आठवडे तरी थांबा, पहिल्या चार दिवसांत कंटाळू नका. बरण्या हाताळल्यावर हात साबणानं धुवा. आणि झाल्यावर ते हिरवं पाणी मोरीत किंवा नदीत नको, जास्वंदीच्या कुंडीत ओता. तिला ते खत चालेल.