पाय कोंबडीचा, दुखणं खुराड्याचं

अंड्यांत सापडणाऱ्या प्रतिजैविकांच्या अंशांवरून मध्यंतरी बरीच ओरड झाली, १ एप्रिल २०२५ पासून एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियमही कडक झाले. बोटं साहजिकच मोठ्या पोल्ट्रीवाल्यांकडे वळली. परसात किंवा गच्चीवर पाच-सात कोंबड्या पाळणारे मात्र ‘आमचं अंडं घरचं’ म्हणून निर्धास्त. पण कोंबडी लंगडू लागली, की यातलेच काहीजण घरात उरलेली माणसांच्या प्रतिजैविकाची कॅप्सूल तिच्या पाण्यात फोडतात, नाहीतर मोबाइलवर व्हिडिओ बघून हातात ब्लेड घेतात. दोन्ही उपाय चुकीचे आहेत, आणि ते का चुकीचे हे कोंबडीच्या पायातच दिसतं.

तळव्याला बारीकशी जखम होते, तिथून बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आत शिरतो. तळवा सुजतो, गरम लागतो आणि मधोमध काळी, घट्ट खपली धरते. इंग्रजीत याला ‘बंबलफूट’ म्हणतात. आपल्या गळवात पू पातळ होऊन वाहून जातो, कारण आपल्या पांढऱ्या पेशींत त्याला विरघळवणारी द्रव्यं असतात. पक्ष्यांच्या पेशींत ती पुरेशी नसल्याने पू वाळक्या खव्यासारखा घट्ट बसतो. त्या गोळ्यात रक्त खेळत नाही, म्हणजे रक्तातून जाणारं औषधही नीट पोचत नाही. पायाला न पोचणारं हे औषध अंड्यात मात्र व्यवस्थित पोचतं. बलक भरायला साधारण दहा दिवस लागतात, त्यामुळे औषध थांबवल्यावरही काही दिवस त्याचे अंश बलकात येऊ शकतात. तीच अंडी घरातली मुलं खातात.

ब्लेडचं म्हणाल, तर तळव्याखाली लगेच बोटं वळवणारे स्नायुबंध असतात. एक काप चुकला की पाय कायमचा अधू. भूल न देता असं कापणं हा सरळ क्रूरपणा आहे. कोंबडी ओरडत नाही म्हणून तिला दुखत नाही, असं नव्हे. सुरुवातीलाच लक्ष गेलं तर कापायची गरज सहसा पडत नाही. कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवावा, कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन लावावं, गॉज ठेवून सैलसर पट्टी बांधावी आणि ती रोज बदलावी. हातमोजे घालावेत, कारण हा जंतू माणसालाही लागतो. हळद-तेल लावल्याने बिघडत काही नाही, पण आतल्या गाठीपर्यंत तेही जात नाही.

हे सगळं करूनही पाय पुन्हा सुजला तर खुराड्याकडे बघा. ‘गावठी कोंबडीला पूर्वी कुठे असलं काही व्हायचं?’ हा आक्षेप ठरलेला. ती कोंबडी अंगाने हलकी होती आणि मातीत चरायची. आज वजनदार जाती आपण सिमेंटच्या गच्चीवर ठेवतो, त्या उंच दांडीवरून धपकन उडी मारतात आणि पावसाळाभर ओल्या तुसात उभ्या राहतात. दांडी आपल्या गुडघ्याच्या खाली आणा, तिच्या कडा घासून गोल करा, जाळीची टोकं वाकवा, ओला तूस काढून कोरडा टाका. हिरवा पालाही द्या, कारण ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की तळव्याची कातडी कमजोर होते.

‘एका कोंबडीसाठी डॉक्टर कोण बोलावणार?’ हा दुसरा आक्षेप खरा आहे; तपासणीची फी कोंबडीच्या किमतीहून जास्त होते. पण सूज बोटांपर्यंत किंवा वर नडगीकडे गेली असेल, कोंबडी पाय टेकत नसेल, तर संसर्ग हाडापर्यंत गेला असण्याची शक्यता असते आणि मग घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ वर फोन करून विचारा. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलंच, तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे तिथेच विचारून घ्या.