टर्कीची शिकार: रानात की उघड्यावर?

भारतीय वाचकाला टर्की हा पक्षी पाळीव रूपातच परिचित आहे. १६१२ मध्ये गोव्याहून जहांगीर बादशहाकडे आणलेल्या अशा एका टर्कीचे चित्र उस्ताद मन्सूरने काढले होते. त्याचा रानटी भाऊबंद मात्र उत्तर अमेरिकेत राहतो, आणि वसंत ऋतूत तेथे नराची शिकार करण्यास ठराविक दिवस परवानगी असते. अशा वेळी लपण झाडीत धरावे की उघड्या कुरणात, हा प्रश्न शिकाऱ्यापुढे उभा राहतो.

त्याचे उत्तर पक्ष्याच्या दिनक्रमात सापडते. टर्की दिवसभर जमिनीवर वावरतो, पण रात्री उंच झाडांवर बसतो. पहाटे नर फांदीवरूनच खणखणीत साद घालतो व उजाडल्यावर खाली उतरून अनेकदा मोकळ्या जागेकडे जातो; तेथे त्याचा फुललेला पिसारा माद्यांना दुरून दिसतो. पाऊस पडून गेल्यावरही हे पक्षी कुरणात येतात, कारण ठिबकणाऱ्या रानात शत्रूची चाहूल नीट लागत नाही.

तेव्हा कुरणातच बसावे, असे कोणासही वाटेल. परंतु टर्कीची दृष्टी अतिशय तीक्ष्ण असते. शिकारी मादीच्या आवाजाची नक्कल करून नराला बोलावतो. निसर्गात बहुधा मादीच नराकडे जाते. येथे तो क्रम उलटा करावयाचा असतो. उघड्यावर नर आवाजाच्या दिशेने पाहतो, मादी दिसत नाही, आणि तो दूरवरच थबकतो. छऱ्याच्या बंदुकीचा खात्रीचा पल्ला सुमारे ३५ मीटर असतो. त्यापलीकडे बार टाकल्यास पक्षी जखमी होऊन निसटण्याचा संभव असतो. म्हणून कुरणात नकली मादी मांडावी लागते. झाडीत किंवा उंचवट्याआड नजर अडते. तेथे मादीला शोधण्यासाठी नराला जवळ यावेच लागते, आणि तो दिसतो तेव्हा बहुधा पल्ल्यात असतो. यास्तव अनुभवी शिकारी पुष्कळदा कुरणाच्या कडेला, पण झाडांच्या थोडे आत बसतात.

झाडीत एक धोकाही असतो. ज्या आवाजाने टर्की फसतो, त्यानेच दुसरा शिकारीही फसतो. म्हणून खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ टेकून बसावे. तांबडे, पांढरे व निळे कपडे वर्ज्य करावेत, कारण नराच्या डोक्यावर हेच रंग असतात. दुसरा माणूस दिसल्यास हात न हलवता मोठ्याने हाक द्यावी. केवळ आवाजावर किंवा हालचालीवर कधीही बार टाकू नये.

रान आणि कुरण ही दोन्ही टर्कीला हवी असतात. पिलांना गवतातील किडे लागतात, तर शरदात मोठे पक्षी ओकची फळे खातात. जंगलतोड व बेसुमार शिकार यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी हा पक्षी अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्य जीवांसाठी राखून ठेवले. १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलायनात तोफेसारख्या नळ्यांतून जाळे उडवून रानटी टर्की पकडण्यात आले. पुढे असे पकडलेले पक्षी इतरत्र सोडण्यात आले. पडीक शेतांत पुन्हा झाडी वाढली होती, तेथे ते रुजले. ज्या कडेला शिकारी दबा धरून बसतो, ती टिकली तरच टर्कीही टिकणार आहे.