चार फुटांवरची थंडी

पावसाच्या अंदाजावरून सगळा महाराष्ट्र भांडतो, थंडीच्या अंदाजावरून कुणी भांडत नाही. पंचांगात मृगापासून पुढच्या प्रत्येक पावसाळी नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं, कधी बेडूक, कधी गाढव, कधी म्हैस. कार्तिक-मार्गशीर्षातली थंडी कशावर बसून येणार, याची चौकशी मात्र कुणी करत नाही. दिवाळी सरते, ट्रंकेतले स्वेटर गच्चीवर उन्हाला पडतात आणि वर्तमानपत्रात एक छोटी चौकट येऊ लागते: पुणे एवढं, निफाड तेवढं, महाबळेश्वर अमुक. ‘पारा घसरला’ एवढं म्हणून लोक पान उलटतात.

चौकटीतला आकडा कुठं मोजतात, कसा मोजतात आणि उद्याचा आकडा आज कसा सांगतात, हे बघायला लागलं की थंडी हे पावसाहून फार वेगळं प्रकरण आहे, हे ध्यानात येतं. पाऊस समुद्रावरून शेकडो किलोमीटर चालत येतो. थंडीचा निम्मा माल बाहेरून येतो आणि उरलेला निम्मा जिथल्या तिथं, त्याच रात्री, त्याच शेतात तयार होतो. तो ओळखण्याची विद्या आपल्याकडे वाढली ती बरीचशी पुण्यात.

शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक पुणेकरांना ठाऊक असतो. हवामान खात्याच्या दगडी इमारतीवरून ते नाव पडलं. भारतीय हवामान विभाग स्थापन झाला १८७५ साली, मुख्यालय कलकत्त्याला. तिथून ते सिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये पुण्यात आलं. सोळा वर्षांनी, १९४४ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत मुख्यालय दिल्लीला हललं. साहेबलोक गेले, हवामानाच्या नोंदी, उपकरणांची कार्यशाळा आणि शेतीहवामानाचा विभाग इथंच राहिला. माझ्या मते खात्याचा कामाचा ऐवज तोच होता. अण्णा मणी १९४८ मध्ये रुजू झाल्या त्याही इथल्या उपकरण विभागातच. तोवर परदेशातून मागवावी लागणारी उपकरणं देशात बनवण्याची सवय खात्याला लागली, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

तापमान मोजण्याचं घर मात्र अगदी साधं आहे. चार पायांवर उभी, झडपांच्या दुहेरी भिंतींची, पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी. स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याची ही कल्पना. दीपगृहं बांधणारं हे घराणं. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याच अभियंत्याचा मुलगा. पेटीचं दार आपल्याकडे उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत जाणार नाही. झडपांतून हवा खेळते, ऊन शिरत नाही. आत जमिनीपासून साधारण चार फुटांवर तापमापक.

त्यातला किमान तापमापक मोठा हुशार. नळीत पारा नसतो, अल्कोहोल असतं आणि त्यात काचेची एक बारीक काडी बुडालेली असते. रात्री अल्कोहोल आकसत जातं, तेव्हा त्याचा पृष्ठभाग काडीला बरोबर मागं ओढत नेतो. सकाळी ऊन चढतं, अल्कोहोल पुन्हा पसरतं, पण आता ते काडीच्या बाजूनं निसटून पुढं जातं. काडी रात्रीच्या सर्वांत थंड क्षणी होती तिथंच पडून राहते. सकाळी साडेआठला निरीक्षक येतो, काडीचं टोक वाचतो, नळी तिरकी करून काडी पुन्हा जागेवर आणतो. सर्वांत थंड घटका बहुतेक वेळा सूर्योदयाच्या आसपासची असते. ती टिपायला कुणाला जागं राहावं लागत नाही. आता बऱ्याच ठिकाणी स्वयंचलित केंद्रं आली आहेत. तरी काचेच्या नळीवरचा माझा जीव काही कमी होत नाही, कारण तिला बॅटरी लागत नाही.

पण ही पेटी सांगते ती पेटीतली थंडी. पायाखाली, गव्हाच्या पात्यावर, वेलीच्या कोवळ्या शेंड्यावर किती आहे, हे तिला माहीत नसतं. या प्रश्नाच्या मागं लागलेला माणूस म्हणजे एल. ए. रामदास. मूळचे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी, १९२६ च्या सुमारास हवामान खात्यात आले. १९३२ मध्ये पुण्यात शेतीहवामानाचा विभाग उघडला तो त्यांच्या हाताखाली, आणि कृषी महाविद्यालयाच्या शेतात त्यांची वेधशाळा उभी राहिली. पीक ज्या हवेत जगतं ती जमिनीलगतची हवा त्यांना मोजायची होती.

पुस्तकात तेव्हा सरळ लिहिलेलं असे: निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, म्हणून सर्वांत थंड जमीनच असणार आणि वर जावं तशी हवा उबदार होत जाणार. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी वेगवेगळ्या उंचीवर तापमान घेतलं, तर सर्वांत थंड थर जमिनीवर सापडलाच नाही. तो सापडला जमिनीपासून वीतभर ते हातभर वर. खाली जमीन त्याच्याहून उबदार, वर हवाही उबदार, मध्ये गारठ्याची एक पातळ चादर. १९३२ मध्ये त्यांनी हे एका जर्मन नियतकालिकात छापलं आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी बराच काळ ते मनावर घेतलं नाही. जड थंड हवा उबदार हवेच्या वर टिकेल कशी? उपकरणाची चूक असणार! पुढं इतरांनी मोजून पाहिलं तेव्हा चादर तिथंच होती. नव्वदच्या दशकात बंगळुरूला रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं गणित मांडलं. नंतरच्या प्रयोगांत हवेतल्या धूलिकणांची त्यातली भूमिकाही पुढं आली. विज्ञानाच्या पुस्तकांत हा आज ‘रामदास थर’ आहे. ज्या शहरात तो सापडला तिथं याची आठवण कुणी फारशी ठेवलेली नाही. आपल्याकडे ते नवीन नाही.

हातभर उंचीनं एवढा फरक, तर कोसभर अंतरानं किती? पुण्याच्या रोजच्या नोंदी बघा. नोव्हेंबरच्या एखाद्या कोरड्या पहाटे एनडीए, पाषाण, हवेली या बाजूचे आकडे खाली असतात. मगरपट्टा त्यांच्याहून पाच-सहा अंशांनी वर असू शकतो. मगरपट्ट्याचं कारण काँक्रीट: दिवसभर तापलेल्या इमारती रात्रभर ती ऊब सोडत राहतात आणि इमारतींच्या गर्दीत जमिनीला मोकळं आकाश दिसत नाही. लवळ्याचं केंद्र शहराबाहेर, पण टेकडीवर. तिथलाही आकडा उबदार. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उताराला लागते आणि सखल भागात साचते. म्हणून थंडीच्या रात्री टेकडीवरचा माणूस सुखात आणि नदीकाठचा कुडकुडत. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश नोंदले गेले, तेव्हा शिवाजीनगरच्या आजूबाजूला शेतं होती. आज त्याच रात्रीसारखी रात्र आली तरी पेठांत ती तितकी उतरेल, असं मला वाटत नाही.

महाबळेश्वरला हाच प्रकार दरवर्षी बातमी होतो. वेण्णा तलावाच्या काठी, लिंगमळ्याच्या बाजूला गवतावर आणि गाड्यांच्या टपावर पांढरे हिमकण दिसतात, फोटो निघतात, स्ट्रॉबेरीची पानं करपतात. आणि हवामान खात्याच्या नोंदीत त्या पहाटे शून्याच्या पुष्कळ वरचा आकडा असतो. मग खात्याची थट्टा. वास्तविक दोघंही खरे असतात. तलावाची जागा सखल, तिथं थंड हवा साचते. शिवाय पान आणि पत्रा थेट आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. खात्याचा तापमापक छपराखाली, चार फुटांवर, वेगळ्या जागी. त्यानं पानाचं तापमान सांगावं, ही अपेक्षाच गैर.

आता अंदाज. पुण्याची नोव्हेंबरमधली थंडी काश्मीर आणि तमिळनाडू यांच्या ओढाताणीत सापडलेली असते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढं गेले की मागून उत्तरेचे कोरडे वारे राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून आधी खानदेशात, मग नाशकात, मग पुण्यात उतरतात. पण हाच महिना बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा. तिकडे कमी दाबाचं क्षेत्र झालं की पूर्वेचे दमट वारे सुरू होतात, आकाशात मळभ येतं आणि रात्रीचा पारा चार-पाच अंशांनी वर जातो. ढग जमिनीची उष्णता वर सुटू देत नाहीत, उलट काही परत पाठवतात. पहाटे तीनला आलेला पातळसा ढगही संध्याकाळी दिलेल्या अंदाजाची फजिती करू शकतो.

‘येत्या ४८ तासांत किमान तापमानात दोन ते तीन अंशांची घट’ हे सरकारी वाक्य लिहिणारा माणूस म्हणून संध्याकाळी तीन गोष्टी बघतो: ढग, वारा आणि हवेतली वाफ. वारा पडलेला हवा, कारण वारा वरची उबदार हवा खाली ढवळतो. वाफेचा हिशोब दवबिंदूवरून लागतो. संध्याकाळी दवबिंदू १२ अंशांवर असेल, तर पहाटे तापमान त्याच्या फार खाली जाणं अवघड. तिथवर पोचलं की दव पडू लागतं आणि पडता पडता उष्णता सोडतं. पावसाळा लांबलेल्या वर्षी जमीन ओली असते, दव आणि धुई भरपूर, कडाका उशिरा. संगणकाची मदत आहेच. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये कामाला लागली. ती देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन करून गणित मांडते. हे मोठं काम आहे. पण लवळ्याची टेकडी आणि तिच्या पायथ्याचं शिवार एकाच चौकोनात बसतात.

‘थंडीची लाट’ हा शब्द वापरायलाही नियम आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा खाली यायला हवं आणि ते सरासरीहून किमान साडेचार अंशांनी कमी हवं. समजा नोव्हेंबरात एखाद्या गावाची सरासरी १४ आहे, तिथं ९.४ म्हणजे लाट. डिसेंबरअखेर सरासरी ११ झाली, तर त्याच गावात साडेआठ अंशांनाही लाट नाही. दात वाजतच असतात, पण दात वाजणं हा निकष नाही.

या सगळ्याचं खरं गिऱ्हाईक शहरात नाही, निफाडला आहे. गोदावरी-कादवेच्या काठचा हा सपाट, उघडा तालुका. राज्यातला नीचांक बऱ्याचदा इथला असतो. गंमत अशी की तो आकडा येतो कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्रातून, जिथं मुख्य काम गव्हाचं. गव्हाला थंडी हवी. फुटवे चांगले येतात. हरभऱ्यालाही मानवते. आणि बांधापलीकडे द्राक्षाची बाग, जिला हीच थंडी नको. ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेली, नोव्हेंबरच्या शेवटी बागा फुलोऱ्यात किंवा मणी धरण्याच्या अवस्थेत. मळभ आलं, पानं ओली राहिली की डाऊनी हा बुरशीचा रोग. हवा कोरडी, गार झाली की भुरी. पारा फार खाली गेला की मण्यांची फुगवण थांबते. बागलाणातल्या आगाप बागांत तर तोवर साखर भरायला लागलेली असते. तिथं पाऊस पडला की मणी तडकतात. २६ नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळी पावसानं आणि गारांनी नाशिक जिल्ह्यात काय केलं, ते शेतकरी विसरलेले नाहीत.

म्हणून इथला माणूस अंदाज वाचतो तो कामाच्या हिशोबानं: आज फवारायचं की उद्या, घड द्रावणात बुडवण्याचं ‘डिपिंग’ पुढं ढकलायचं का, पहाटे मोटार चालू करायची का. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेहून बरंच उबदार असतं, ते सोडलं की बागेला थोडा आधार मिळतो. बांधावर शेकोट्या पेटवतात. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दर आठवड्याला द्राक्षपट्ट्यासाठी हवामानावर बेतलेला सल्ला काढतं. ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रकं मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. जिल्हा पातळीवर हेच काम नेमकेपणानं करण्यासाठी देशात जवळपास दोनशे केंद्रं उघडली होती, ती २०२४ मध्ये बंद झाली. तो निर्णय मला आजही कळलेला नाही. सुरगाण्याचा घाट आणि निफाडचं सपाट रान एका जिल्ह्यात आहेत म्हणून एका वाक्यात बसत नाहीत.

राज्य सरकारच्या ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्रं बसली आहेत, दोन हजारांवर. त्यांच्या आकड्यांचा संबंध आता थेट पैशाशी आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात द्राक्षाला अवेळी पाऊस आणि कमी तापमान हे दोन्ही धोके धरलेले आहेत, आणि भरपाई ठरते ती मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवरून. केंद्र गावात घरांच्या आडोशाला असेल आणि बाग नदीच्या खोलगटीत, तर बागेत दोन अंश जास्त पडलेली थंडी कागदावर येत नाही. काही बागायतदार मांडवाच्या तारेला स्वतःचा तापमापक टांगतात. तोही फसवतो, पण उलट्या बाजूनं: उघड्या आकाशाखाली टांगलेली नळी रात्री स्वतःच गार होते आणि हवेहून कमी आकडा दाखवते. तिला झडपांची पेटी लागते, आणि पेटी केली तरी विम्याच्या हिशोबात तिचा आकडा धरत नाहीत.