मत्स्यटाकीचा सुरक्षित व निःशब्द सांडवा

शेतीस जोडधंदा म्हणून घराच्या पडवीत शोभिवंत मासे वाढविण्याकडे शेतकरी कुटुंबांचा, विशेषतः स्त्रियांचा, कल दिसू लागला आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश असल्याने या धंद्यास चालनाही मिळाली. गप्पी व मोली या जातींना आपल्या भागातील विहिरींचे जड पाणी मानवते, ही एक जमेची बाजू होय. मात्र मासे कोणते घ्यावेत याची जितकी चौकशी होते, तितकी टाकीतील पाणी खाली कोणत्या वाटेने उतरावे याची होत नाही. नुकसान होते ते बहुधा तेथेच.

थोड्या जागेत अधिक मासे ठेवावयाचे तर पाणी सतत गाळले गेले पाहिजे. त्यासाठी वर माशांची टाकी व तिच्या खाली गाळणीची टाकी ठेवतात. वरच्या टाकीचे पाणी सांडव्यावरून आपोआप खाली उतरते, गाळणीतून जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. गाळणीच्या खड्यांवर वाढणारे उपयुक्त जिवाणू माशांच्या मलमूत्रातील विषारी अंश निकामी करतात. या जिवाणूंना प्राणवायूयुक्त पाण्याचा पुरवठा अखंड हवा असतो.

गेल्या पावसाळ्यात पैठण तालुक्यातील एका शेतकऱ्याकडे जाण्याचा प्रसंग आला. त्यांनी टाकीस भोक न पाडता, पिंपातून तेल काढतात त्याप्रमाणे काठावरून उलट्या वळणाची नळी टाकून पाणी खाली सोडले होते. दोन महिने सर्व सुरळीत चालले. एका रात्री वीज गेली, पाणी नळीच्या तोंडाखाली गेले व नळीत हवा शिरून सायफन तुटला. पहाटे वीज आली, पंप सुरू झाला, परंतु तुटलेला सायफन आपोआप जुळला नाही. पंपाने खालचे सर्व पाणी वर चढविले, ते काठावरून पडवीत सांडले, आणि कोरडा पडलेला पंप जळून गेला. सकाळी उठून पाहतात तो खाद्याची पोती भिजलेली आणि दाट भरलेल्या टाकीतील मासे हवेसाठी पृष्ठभागावर तोंडे मारीत असलेले. निम्म्याहून अधिक मासे त्या दिवशी गेले. ज्या गावात वीज केव्हा जाईल व केव्हा येईल याचा भरवसा नाही, तेथे काठावरून टाकलेल्या नळीवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या साऱ्याचे मूळ नळीत अडकणाऱ्या हवेत आहे, आणि हे मर्म आपल्या शहरातील जुन्या कारागिरांना चांगले ठाऊक होते. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले व डोंगराकडील पाणी भूमिगत नहरीने शहरात आणले. अशा नहरींच्या मार्गावर जागोजागी उंच मनोरे बांधलेले दिसतात. नळांत साठलेली हवा बाहेर पडावी व दाब आवरला जावा, हा त्यांचा हेतू. पाणचक्कीचे पाणीही असेच दुरून मातीच्या नळांतून येते, उंच भिंतीवर चढते आणि मग हौदात कोसळते. संपूर्ण वाटेत ते मुके असते, बोलते ते केवळ कोसळताना. पाहुण्यांना तो आवाज रमणीय वाटतो. घरात मात्र रात्रभर गुरगुरणारी नळी कोणासही सोसत नाही, आणि मग घरातील माणसे रात्री पंप बंद करून झोपतात. जिवाणूंचा पुरवठा तेथेच तुटतो. म्हणून नळीचा आवाज ही केवळ कानांची तक्रार समजू नये.

नळी पाण्याने पूर्ण भरून वाहिली, तर आवाज होत नाही. अर्धी भरून वाहिली व हवेस स्वतंत्र वाट असली, तरीही पाणी भिंतीलगत शांतपणे उतरते. पाणी आणि हवा एकमेकांची वाट अडवू लागली, की गुरगुर सुरू होते. यावर उपाय म्हणून टाकीच्या एका कोपऱ्यात सांडव्याचा कप्पा करून त्यातून तीन स्वतंत्र नळ्या खाली न्याव्यात. कप्प्याच्या काठास जाळी लावावी, नाहीतर पिल्ले व गोगलगायी नळीत जातात.

पहिल्या नळीचे तोंड एल्बो लावून पाण्यात खाली वळवावे व तिच्यावर खालच्या बाजूस गेट व्हॉल्व्ह बसवावा. ही पूर्ण भरून वाहते व जवळजवळ सर्व पाणी हीच नेते. तिचे खालचे टोक खालच्या टाकीच्या पाण्यात दोन ते तीन सेंटीमीटरच बुडवावे. अधिक बुडविल्यास वीज आल्यावर नळीतील हवा बाहेर पडत नाही. दुसऱ्या नळीचे तोंड किंचित उंच ठेवून तिच्या माथ्यास हवेची बारीक नळी जोडावी. पहिलीतून न गेलेली पाण्याची बारीक धार हिच्यातून शांतपणे उतरते. पहिली तुंबली तर पाणी चढून हवेच्या नळीचे तोंड बुडते, आणि दुसरीही भरून वाहू लागते. तिसरी नळी सर्वांत उंच, उघड्या तोंडाची व सदैव कोरडी असावी. तिच्यावर व्हॉल्व्ह लावू नये. तिचे खालचे टोक पाण्याच्या वर ठेवावे, म्हणजे तिच्यात पाणी आले की मोठा आवाज होऊन घरच्यांना इशारा मिळतो. येथे आवाज मुद्दाम ठेवावयाचा आहे!

२५ मिलिमीटर व्यासाची नळी ६० सेंटीमीटर उतारावर पूर्ण भरून वाहिली, तर वळणांची अडचण धरूनही ताशी सुमारे ३,००० लिटर पाणी नेते. २४० लिटरच्या टाकीस ताशी १,००० लिटरचा पंप पुरतो. म्हणजे तिघींपैकी एकटी नळीही भार पेलू शकते.

आता हिशेबाकडे वळू. १२० सेंटीमीटर लांब व ४५ सेंटीमीटर रुंद टाकीत पाण्याची पातळी एक सेंटीमीटर बदलली, तर ५.४ लिटर पाणी हलते. वीज गेल्यावर दोन सेंटीमीटर पाणी उतरले, तर खाली सुमारे ११ लिटर येईल, शिवाय कप्प्यातील व नळ्यांतील पाणी वेगळे. खालच्या टाकीत निदान ३० लिटरची जागा रिकामी ठेवावी. पंपाच्या नळीचे तोंड वरच्या टाकीत १५ सेंटीमीटर खोल बुडालेले असेल, तर तीच नळी उलटी वाहून ८१ लिटर पाणी खाली ओतील. यासाठी पाण्याच्या पातळीच्या लगेच खाली त्या नळीस तीन मिलिमीटरचे भोक पाडावे व ते शेवाळापासून स्वच्छ ठेवावे. एकदिश झडपेवर भरवसा ठेवू नये. जड पाण्याचा क्षार साचला की ती मिटत नाही. उलट बाजूने, तिन्ही नळ्या तुंबल्या असे धरून पाहावे. वरच्या टाकीत पातळीपासून काठापर्यंत पाच सेंटीमीटर मोकळे असतील, तर तेथे २७ लिटर मावतात. पंपाच्या कप्प्यात उपसण्याजोगे पाणी २५ लिटरांहून अधिक नसावे, म्हणजे टाकी सांडण्यापूर्वीच पंप कोरडा पडेल. पंप जळाला तरी घर वाचते.

टेम्पर्ड काचेस भोक पाडू नये, ती तत्काळ चुरा होते. विजेची तार खोबणीकडे जाण्यापूर्वी खाली झुकवावी, म्हणजे ओघळ खोबणीत जात नाही. गळतीचा विद्युतप्रवाह तोडणारे स्वयंचलित बटणही अवश्य बसवावे.

मासे सोडण्यापूर्वी ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यासमक्ष परीक्षा घ्यावी. पंपाचे बटण दहा वेळा बंद-चालू करावे व प्रत्येक वेळी पहिली नळी आपोआप भरते का, हे पाहावे. नंतर पहिल्या नळीचे तोंड फडक्याने बंद करावे, मग पहिली व दुसरी दोन्ही. पाणी प्रत्येक वेळी पुढील नळीने गेले पाहिजे. दर तीन महिन्यांनी नळ्या सोडवून क्षार काढता यावा, म्हणून जोड चिकटविण्याऐवजी युनियन लावून घ्यावेत. पैठणच्या त्या शेतकऱ्याने आता तीन नळ्या बसविल्या आहेत, आणि तिसरीखाली पत्र्याचा एक डबा टांगून ठेवला आहे, जेणेकरून तिच्यात पाणी आल्यास शेजारच्या खोलीतही खडखडाट ऐकू जावा.