गादी सरकते म्हणजे काय होते?

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आम्हां हाडांच्या डॉक्टरांचा हंगाम. माळ्यावरचे पितळी डबे उतरतात, कपाटे सरकतात आणि घरातल्या कुणाची तरी पाठ धरते. बहुतेकांना नुसती उसण भरलेली असते. चार दिवसांत ती आपली आपण जाते. (पायाळू माणसाची लाथ खाऊन बरे झालेले लोक ते हेच!) पण एखाद्याची कळ कमरेतून निघून मांडीच्या मागून थेट पावलापर्यंत विजेसारखी धावते. शिंकले की दुप्पट होते. मग शेजारचे कुणीतरी निदान सांगून टाकते, "गादी सरकली!"

हा शब्द मला कधीच पटला नाही. गादी सरकत नाही, उसवते. आपल्या कण्यात मणक्यामणक्यांमध्ये अशा २३ गाद्या असतात. बाहेरून चिवट तंतूंचे पदर, आत ओलसर मऊ गर. सणाचे दिवस आहेत म्हणून करंजीची उपमा देतो : कड उकलली की सारण बाहेर. दिवसभराच्या भाराने गाद्यांतले पाणी थोडे थोडे पिळून निघते, रात्री निजल्यावर परत भरते; सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो ते त्यामुळेच. वय वाढते तशा पदरांना चिरा पडतात. मग एके दिवशी बादली उचलण्याचे निमित्त होते, गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला टेकतो. नस दबते आणि गराच्या स्पर्शाने सुजतेही. पायाच्या कळेचे मूळ इथे आहे, हे १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यवैद्यांनी दाखवून दिले. त्याआधी असा गर सापडला की त्याला गाठ समजत.

गेल्या वर्षी एक शिक्षिका आल्या. काखेत एम. आर. आय.ची फाईल घेऊन यजमान सोबत. "डॉक्टर, ऑपरेशन नाही केले तर हिचा पाय जाईल म्हणतात. मुलीचे दहावीचे वर्ष आहे हो!"

फाईल मी बाजूला ठेवली. १९९४ साली अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांच्या पाठींची अशी चित्रे काढली, तेव्हा निम्म्याहून अधिकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या! चित्रापेक्षा माणूस पाहावा. बाईंना उताणे निजवून पाय सरळ वर उचलला. थोडा उचलताच कळ आली. पण अंगठ्यात जोर होता, लघवीची तक्रार नव्हती. "बाई, सहा आठवडे थांबू," मी म्हटले.

थांबायचे म्हणजे निजून राहायचे नव्हे. सासूबाईंनी फळी आणून महिन्याच्या विश्रांतीचा बेत केला होता. पूर्वी आमच्यातलेही तेच सांगत. मी बाईंना तिसऱ्या दिवशी घरात चालायला लावले. वेदनाशामक गोळ्या, थोडे थोडे चालणे, पुढे व्यायाम. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकते, हे ऐकून यजमानांचा विश्वास बसेना. सहाव्या आठवड्यात बाई शाळेचे जिने चढल्या.

सर्वांचेच असे होत नाही. २००७ साली हॉलंडमध्ये दीड ते तीन महिने कळ सोसलेल्या २८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली. वर्षाअखेर मात्र दोन्ही गट सारखेच. थांबलेल्यांपैकी शेकडा ३९ जणांना पुढे ऑपरेशन करावेच लागले. तेव्हा कळ सोसवेना, तर ऑपरेशनला उगाच भिऊ नये. हल्ली सूक्ष्मदर्शकाखाली लहानशा छेदातून ते होते.

मात्र एका प्रसंगी थांबणे चालत नाही. लघवी तुंबली, किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल लुळे पडू लागले, तर त्याच रात्री इस्पितळ गाठावे. असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले. दोन दिवस लघवी नीट होत नव्हती. संकोचाने कुणाला सांगितले नव्हते. शेवटी पत्नीच्याच लक्षात आले. पहाटे तीनला ऑपरेशन झाले. पाय सुधारला, लघवीची जाणीव पुरती परत यायला आठ महिने लागले.