विजेच्या गिटारचे कान

सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत तंबोरा आणि पेटी यांच्या शेजारीं आतां विजेची गिटारही येऊन बसली आहे. वडील मंडळींना तिचा नाद मानवतो कीं नाहीं, या वादांत आम्ही आज पडत नाहीं. परंतु घरांतील मुलगा किंवा मुलगी चार सोबत्यांच्या बँडमध्यें वाजवूं लागली म्हणजे थोड्याच दिवसांत एक मागणी कानावर येते, तिच्याविषयीं मात्र चार शब्द लिहावेसे वाटतात. मागणी अशी : "घरीं माझी गिटार सुरेख वाजते, पण बँडमध्यें ती ऐकूंच येत नाहीं, हिचे पिकअप बदलले पाहिजेत." तक्रार बहुधा खरी असते. तिच्यावर सुचविलेला उपाय मात्र पुष्कळदा अस्थानीं असतो. आणि चांगल्या पिकअपची जोडी स्वस्तांत मिळत नाहीं, हें एकत्र कुटुंबाचा जमाखर्च ठेवणारांस आम्हीं सांगावयास नको.

पिकअप हा या गिटारचा कान होय. लोहचुंबक आणि त्याच्या भोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे, एवढाच त्याचा संसार. वर ताणलेली पोलादी तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र हलतें, आणि १८३१ सालीं फॅरडेनें दाखवून दिलेल्या नियमाप्रमाणें त्या वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. तीच ॲम्प्लिफायर वाढवितो. हा कान हवेंतील नाद ऐकत नाहीं, लोखंडाची हालचाल ऐकतो. म्हणून नायलॉनच्या तारा लावल्या तर त्याला कांहींच ऐकूं येत नाहीं.

या कानाचा जन्मच मुळीं बँडमधील अडचणींतून झाला. अमेरिकेंतील नृत्यगृहांत पितळी तुताऱ्या आणि सॅक्सोफोन यांच्या गजरांत साध्या गिटारचा आवाज बुडून जाई. जॉर्ज बोशां यानें १९३१ च्या सुमारास चुंबकाचा पिकअप तयार केला व १९३७ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. ती पहिली गिटार मांडीवर घेऊन वाजविण्याची, हवाई पद्धतीची होती. गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही गिटार १९३६ सालीं आली, आणि १९३९ सालीं बेनी गुडमनच्या मेळ्यांत चार्ली ख्रिश्चन या तरुणानें तिच्यावर एकेक सूर असा उठावदार वाजविला कीं गिटार ही साथीची दासी राहिली नाहीं. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांनीं व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनीं वाजविलेलीं चित्रपटगीतें ऐकलीं असतील. त्यांतील तो लांबत जाणारा सूरही याच विजेच्या कानाची करामत.

पिकअपच्या मुख्य जाती दोन. एकेरी वेढ्याचा पिकअप स्वच्छ, तरतरीत आणि किंचित् धारदार बोलतो. १९५४ सालच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर असे तीन होते. त्याचा दोष म्हणजे घरांतील विजेची भणभणही तो इमानानें ऐकतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० फेरे घेते, आणि ती घरघर वाजविणारा थांबला कीं विशेष जाणवते. गिब्सनमधील सेथ लव्हर यानें १९५५ सालीं यावर तोड काढली. त्यानें दोन वेढे शेजारीं ठेविले, एकाचा वळसा उलटा आणि चुंबकाचें टोंकही उलटें. तारेचा सूर दोन्हींत मिळून वाढतो, भणभण मात्र एकमेकींस खाऊन टाकते. हाच हंबकर, १९५७ पासून तो लेस पॉल गिटारवर बसूं लागला. परंतु दोन वेढे तारेचे दोन निरनिराळे भाग ऐकतात, त्यामुळें कांहीं वरचे नाजूक स्वरांश गळतात व आवाज जाड, भरदार होतो. हा गुण कीं दोष, हें बँडमध्यें शेजारीं कोण बसलें आहे त्यावर ठरतें.

येथेंच बहुतेक तरुणांची गल्लत होते. खोलींत एकट्यानें वाजवितांना जाड आवाज गोड लागतो. बँडमध्यें तीच जाडी बास गिटार आणि मोठा ढोल यांच्या अंगणांत शिरते व तेथेंच नाहींशी होते. आमच्या परिचयांतील एका घरीं असेंच झालें. दोन गिटारवाले, दोघांचेही हंबकर, दोघेही मानेकडील पिकअपवर वाजवीत. घरांतील आजोबा जुने गाणें जाणणारे, त्यांनीं सराव ऐकला व नातवाला एवढेंच म्हणाले, "अरे, तुम्ही सगळेच खर्जांत जाऊन बसलांत. एकानें तरी मध्यावर ये." नातवानें घोडीकडील पिकअप घेतला, मानेकडील पिकअप दोन वेढे खालीं उतरविला, ॲम्प्लिफायरवरील खर्ज कमी केला. त्याची गिटार घरीं ऐकतांना जरा कृश वाटूं लागली, पण बँडमध्यें तिचा शब्दन् शब्द समजूं लागला. नव्या पिकअपचा विषय त्या घरांत पुन्हां निघाला नाहीं.

तेव्हां आमचें सांगणें असें कीं, आधीं पेंचकस हातीं घ्यावा. मिलिमीटरची पट्टी घेऊन तार शेवटच्या पडद्यावर दाबावी आणि तारेचा तळ व पिकअपचा माथा यांतील अंतर मोजावें. आरंभीं असलेलें माप कागदावर टिपून ठेवावें, म्हणजे परत फिरतां येतें. एकेरी वेढ्याच्या पिकअपला दोन ते अडीच मिलिमीटर हें सुरुवातीस योग्य. हंबकर असेल तर मानेकडे सुमारें अडीच व घोडीकडे सुमारें दीड. मानेजवळ तारेचा झोला मोठा असतो, म्हणून तेथील पिकअप खालीं व घोडीजवळचा वर ठेवावा लागतो. खटका फिरवितांना दोहोंचा आवाज साधारण सारखा यावा, ही कसोटी. जाड तारांची बाजू बारीक तारांच्या बाजूहून किंचित् खालीं असावी. स्क्रू एका वेळीं पाव वेढ्याहून अधिक फिरवूं नये. तंबोऱ्याच्या तारेखालचें सूत केसभर सरकविलें कीं जवारी कशी खुलते किंवा मिटते, हें ज्यांनीं मिरजेच्या कारागिरांकडे पाहिलें असेल त्यांना हा पाव वेढा अतिशयोक्त वाटणार नाहीं.

जवळ आणला म्हणजे जोर वाढतो, म्हणून पुष्कळजण पिकअप तारेला भिडवून ठेवितात. एकेरी पिकअपमध्यें तारेखालीं चुंबकच उभे असतात, ते तारेला खेंचूं लागतात. सूर लवकर मरतो, जाड तारांवर तो हेलकावे खातो, आणि वाजविणारा बिचारा खुंट्या पिळीत बसतो. उलट पिकअप थोडा उतरविला तर सूर मोकळा श्वास घेतो. कमी झालेला जोर ॲम्प्लिफायरवर फुकट मिळतो.

मग एकेका तारेकडे वळावें. हंबकरवर बहुधा प्रत्येक तारेखालीं स्वतंत्र स्क्रू असतो. जी तार ओरडते तिचा स्क्रू खालीं घ्यावा. जुन्या धर्तीच्या एकेरी पिकअपवर तिसऱ्या तारेखालचा चुंबक मुद्दाम उंच असतो, कारण १९५० नंतरच्या दशकांत ती तार गुंडाळलेली असे. आजची साधी तार त्यावर वाजवीहून मोठ्यानें बोलते. म्हणून तो चुंबक आंत दाबावयाचा मोह होतो. तो आवरावा, आंतील केसाएवढी तार तुटली कीं पिकअप कायमचा मुका.

ही सारी जुळवणी शेवटीं बँड वाजत असतांनाच करावयाची. एकानें दूर उभें राहून ऐकावें, आणि गाणाराचे शब्द प्रथम ऐकूं येतात ना, एवढें पाहावें.

इतकें करूनही नवा पिकअप लागतो अशीं प्रकरणें आहेत. वेढा तुटला, आवाज वाढवितांच पिकअप किंचाळूं लागला, किंवा बँडचें गाणेंच असें कीं एकेरीची भणभण चालणार नाहीं, तर अवश्य घ्यावा. जाहिरातींतील किलो-ओहमच्या आंकड्यास मात्र भुलूं नये. वेढे वाढले कीं जोर वाढतो हें खरें, पण वरची चमक त्याच प्रमाणांत मावळते. आणि तारेची जाडी निराळी असली तर दोन पिकअपांचे आंकडे ताडून पाहण्यांत अर्थच उरत नाहीं. एकेरी पिकअपसाठीं आवाजाची कळ रिवाजाप्रमाणें २५० किलो-ओहमची व हंबकरसाठीं ५०० ची असते. एकाच्या जागीं दुसरा बसविला तर तीही बदलावी लागते, हा खर्च दुकानांत आधींच विचारून घ्यावा.

शक्य तर प्रथम घोडीकडचा एकच पिकअप बदलावा व जुना जपून ठेवावा. बसविल्यानंतर दोन्ही पिकअप एकदम लावून पाहावे. आवाज एकाएकीं पोकळ, नाकांतून आल्यासारखा वाटला तर नवा पिकअप नासका आहे असें समजून दुकानदाराशीं भांडावयास जाऊं नये. दोघांची जोडणी एकमेकांस उलट पडलेली असते, आणि जाणत्या कारागिराकडून नव्या पिकअपच्या वेढ्याच्या दोन तारांची अदलाबदल करून घेतली कीं बहुधा काम भागतें.